लक्ष्मीच्या पोटातली जवारी

सन एकोणीसशे त्र्याहत्तर. मी तेव्हा सत्तर वर्षांचा होतो. म्हणजे मी सत्तर म्हणतो. माझी बायको बहात्तर म्हणते, पण माझ्या जन्माच्या वेळी तिला कोणी बोलावलं नव्हतं.

आमचं गाव उमरेडच्या वाटेवर, नागपूरहून फार लांब नाही. गावातले लोक नागपूरला जातात ते दवाखान्यात नाहीतर कोर्टात, आणि दोन्हीकडून तोंड पाडून परत येतात. नागपूर कसं आहे म्हणून विचारलं तर म्हणतात, मोठं आहे. एवढं तर न जाताही सांगता येतं. मी बियाण्यासाठी गेलो, तीन दिवस हिंडलो आणि डोळे उघडे ठेवून हिंडलो, म्हणून लिहितो. शाळा माझी दुसरीपर्यंतच झाली, पण दुसरी मी दोनदा केली, तेव्हा तिसरी धरायला हरकत नाही.

आधी बी कुठं गेलं ते सांगतो.

आमच्याकडं जवारी म्हणजे उंच जवारी. बैलबंडीवर उभा राहिलेला माणूस तिच्यात दिसत नाही. दाणा माणसाला, धांडा बैलाला, अशी वाटणी देवानंच करून दिलेली. मग हायब्रीड आली. ती बुटकी. कणीस मोठं, धांडा गुडघ्याला लाजणारा. साऱ्या गावानं पेरली, मी पेरली नाही. ती लवकर पिकते म्हणून सारे खूश होते. पण रानात दुसरं काहीच पिकलं नव्हतं आणि ही एकटी तयार होऊन बसली, तेव्हा आजूबाजूच्या गावची पाखरंसुद्धा जेवायला आमच्याकडं. उरली ती परतीच्या पावसात सापडली. उभ्या कणसात दाणा काळा पडला. त्या साली गावातल्या भाकरीला कोळशाचा रंग होता आणि भिजलेल्या पोत्याचा वास. माझी उंच जवारी तेव्हा हिरवीगार उभी होती, तिला पाऊस बाधला नाही. मी पारावर बसून हसलो. लांबच्या लोकांनाही ऐकू जाईल इतपत हसलो.

त्यानंतर सलग दोन सालं पाऊस मधेच उठून गेला. बुटकीनं होतं तेवढ्या ओलीत आपलं भागवलं. माझी जवारी दाणा भरायला दिवाळीपर्यंत उभी राहणारी, आणि दिवाळीला जमिनीत ओल नाही. कणसं आली ती पोचट. दुसऱ्या साली मृगात पेरलं ते करपलं, पुन्हा पेरलं तर उशिराच्या पेऱ्याला खोडमाशी लागली. कोठीतलं बी दोनदा वावरात गेलं आणि एकदाही परत आलं नाही. आता पारावर हसायची पाळी गावाची होती, आणि गावात तोंडं पुष्कळ.

ओल्या साली त्यांचं गेलं, कोरड्या साली माझं गेलं. खरं कोणाचं, ते पाऊस दरसाली नव्यानं ठरवतो. पण पारावर असं बोलून चालत नाही, तिथं एक बाजू धरावी लागते.

हायब्रीडवाल्यांच्या घरी दाणा तरी होता. कडबा मात्र कोणाच्याच घरी नव्हता. माझे दोन बैल, खैऱ्या आणि बांड्या. त्यांना मी छपरावरचं जुनं गवत काढून घातलं, ते संपल्यावर झाडाचा पाला घातला. उन्हाळा लागला तेव्हा दोघं सावलीत उभे राहून एकमेकांच्या फासळ्या पाहत. आणखी एक साल बिनकडब्याचं गेलं असतं तर त्यांना बाजार दाखवावा लागला असता, आणि दुबळा बैल बाजारात कोण घेतं ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मला उंच जवारीचं बी हवं होतं. रोहिणीच्या आधी हवं होतं.

"बी तं हाये," बायको म्हणाली. "नागपूरले बसलं हाये. ईनबाईच्या लक्ष्मीच्या पोटात."

ईन म्हणजे व्याहीण, आणि व्याही तो इवाई. माझी लेक वच्छला नागपुरात सक्करदऱ्याला दिली आहे, तिची सासू ती ईनबाई. त्यांच्या घरी भादव्यात महालक्ष्म्या बसतात, दोघी बहिणी. मुखवटे पितळेचे, आणि धड म्हणजे पत्र्याच्या दोन कोठ्या. त्यांनाच लुगडी नेसवायची. कोठ्या रिकाम्या ठेवत नाहीत, कारण उपाशी लक्ष्मी कोणाचं घर भरणार? ईनबाईच्या घरची रीत अशी, की थोरलीच्या पोटात सासरचा गहू आणि धाकटीच्या पोटात सुनेच्या माहेरची जवारी. सण झाला की मुखवटे पेटीत जातात, पण कोठ्या झाकण लिंपून देवघराच्या कोपऱ्यात तशाच भरलेल्या राहतात. पुढच्या भादव्यापर्यंत झाकण काढायचं नाही. दरसाली दिवाळी आटोपली की मी निवडक कणसं पाठवायचो, आणि भादव्यात ईनबाई जुना दाणा काढून ती मळून भरायची, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून. माझ्या शेवटच्या चांगल्या सालचा दाणा तिथं बसलेला होता. नंतरची दोन सालं मी काहीच पाठवलं नव्हतं.

"जा अन् मागून आणा," बायको म्हणाली.

"लेकीच्या घरी देल्लेलं वापस मागू?"

"मले काय इचारता? खैऱ्याले इचारा."

आता याच्यात एक गोम होती. वच्छलाच्या लग्नात, भरल्या मांडवात, मी बोललो होतो की आमच्या घरची कोठी कधी रिकामी होत नाही, तुमच्या घरच्या दाण्याची न् पाण्याची मले जनमभर गरज पडणार नाई. ईनबाई तेव्हा एवढंच म्हणाली होती, "पाहू." लेकीच्या घरचं पाणी बाप पीत नाही ही रीत आहेच. लेकरू झाल्यावर चालतं असं लोक म्हणतात. वच्छलाला मुलगी झाली, ती चालायला लागली, तरी मी प्यालो नाही. लोकांचं लोकांपाशी.

म्हणून बायकोला सांगितलं, नागपुरात एवढा मोठा बाजार आहे, बी मी तिथून आणतो. तिनं भाकरी बांधून दिल्या, शेजारून आणलेल्या हायब्रीडच्या पिठाच्या, आणि सोबत पितळेचा गडू दिला. वर म्हणाली, "गडू हरपू नका."

लकडगंज

नागपुरात उतरलो तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की इथं दुष्काळ दिसत नाही. म्हणजे आहे, पण तो रांगेत उभा आहे. रेशनच्या दुकानापुढं बाया लाल जवारीसाठी उभ्या होत्या. ही जवारी परदेशातून बोटीनं येते, तिला मायलो म्हणतात. एका बाईकडून मी दोन दाणे मागून घेतले.

"पाहून घ्या बाबाजी," ती म्हणाली. "हिची भाकर थापता थापताच तुटते."

"थकली असन," मी म्हटलं. "बोटीनं आली नं."

आमच्याकडं ज्याच्या घरी दाणा नाही तो दिवे लागायच्या आत दार लावून घेतो, कोणाला कळू नये म्हणून. इथं बाया टोपली डोक्यावर धरून मोठमोठ्यानं बोलत उभ्या होत्या. मला आधी ते बरं दिसलं नाही. दुपारपर्यंत वाटलं, बरं आहे बिचाऱ्यांचं.

लकडगंजात एकीकडं लाकडाचे ढीग, दुसरीकडं धान्याची गोदामं. हवेत भुसा उडतो तो लाकडाचा की धान्याचा ते शिंक आल्यावर समजतं. एका मोठ्या दुकानात गादीवर दिवाणजी बसला होता, कानाला पेन्सिल.

"उंच जवारीचं बी पाहिजे. गावरान."

"खानेकी के पेरनेकी, बाबाजी?"

"पेराची."

"पेरनेवाली तो अब हायब्रीडच हाये. देसी कोण पेरून राहिला आता?"

"मी."

"मंग तुमची गेल्या सालची कुठं गेली?"

"तुले काय कराचं गा? दाखव."

त्यानं मागून ओंजळभर आणली. पांढरी, टपोरी, अस्सल आमच्याकडची. मला हसू फुटायला आलं. पण दाणा उलटा केला तर कोंभाच्या जागी बारीक भोक. किड्यानं नेमकं तेवढंच खाल्लेलं. असा दाणा दळायला चालतो, पेरला तर वावर जसंच्या तसं. मी म्हटलं, "याचा डोळाच फुटला हाये."

"बाबाजी, आटा अंधा असला तं काय फरक पडते?"

त्याचंही खरं होतं. दुसऱ्या पोत्याचं पाहताना मी आमच्या रीतीप्रमाणं दाणा दाताखाली धरला, चांगला वाळला आहे का म्हणून. तो दाणा नव्हता, खडा होता. माझ्या दाढेचा तुकडा हातात आला. दिवाणजीनं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "दात तुमचा घेऊन जा जी. खडा पोत्यात टाका, वजनातला हाये."

गाल धरून बाहेर आलो तर समोर जावई. तो तिथंच एका लाकूड कापायच्या आरा-मशीनीवर काम करतो हे मला माहीत होतं, म्हणूनच मी त्या गल्लीला वळसा घालून आलो होतो. अंगभर भुसा, फक्त डोळे दिसत होते.

"मामाजी, तुमी अठी? घरी नाई गेले?"

"जाऊनच राहिलो होतो."

"सक्करदरा तिकडं हाये."

"माहीत हाये मले. मी दुरून जाऊन राहिलो होतो."

जावई गुणाचा आहे, पुढं विचारत नाही. त्यानं मला सायकलच्या मागं बसवलं. भाकरीचं गाठोडं एका हातात, गडू दुसऱ्या हातात, आणि धरायला तिसरा हात नाही, अशा बेतानं मी सक्करदऱ्याला पोचलो.

सक्करदरा

सक्करदऱ्याचा तलाव मी पूर्वी भरलेला पाहिला होता. आता त्याची कड उघडी पडली होती आणि मधल्या पाण्यात म्हशी डोकं वर काढून बसल्या होत्या. गावातली आमची विहीर तर तळ दाखवून मोकळी झाली होती, म्हणून मला त्या म्हशींचा थोडा हेवा वाटला.

वच्छला मला पाहून धावत आत गेली आणि पाण्याचा पेला भरून बाहेर आली. दारात तिला आठवलं. पेला घेऊन ती तशीच मागं फिरली. हे ती दरवेळी करते.

ईनबाई ओसरीवर बसली होती. बारकीशी बाई, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. आवाज मात्र बांधलेला नाही.

"या इवाई. पाणी इचारत नाई, तुमाले पाप लागन. बसा."

मी घराबाहेरच्या नळावर गडू भरून आणला आणि अंगणात भाकर सोडली.

"पाणी कुठलं आणलं जी?"

"नळाचं."

"अन् नळ कोणाचा?"

"सरकारचा."

"हं. सरकारले लेक देल्ली नाई तुमी, म्हणून चालते."

वच्छलानं पदर तोंडाला लावला. मी जेवत राहिलो. हायब्रीडची भाकर दिवसभरात अशी वाळते की तोडताना आवाज होतो. आणि माझी अर्धी दाढ तर लकडगंजात राहिली होती.

"भाकर काहून अशी कडकड करून राहिली?" ईनबाईनं विचारलं.

"परवासानं वाळली."

"तुमच्या जवारीची भाकर तं तिसऱ्या रोजी बी मऊ राहात होती."

मी तुकडा गडूच्या पाण्यात बुडवला.  तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "मंग, कसे काय आले?"

"नागपूर पाहाले."

"उन्हाळ्यात? बरं केलं. नागपूरचं ऊन पाहासारखंच असते."

अंधार पडायच्या आधी वच्छला अंगणात येऊन बसली. "बाबा, बैल कसे हायेत?"

"हायेत नं. मस्त."

"काय खाऊन राहिले?"

"बैल काय खाते? तूच सांग."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली. तिच्या मागं उघड्या दारातून देवघराचा कोपरा दिसत होता. दोन्ही कोठ्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. धाकटी माझ्याकडं पाहत होती असं मी म्हणणार नाही, तिचा मुखवटा पेटीत होता. पण मला पाठ करून बसावं लागलं.

सदर

दुसऱ्या दिवशी जावई म्हणाला, सदरला शेतीचं सरकारी ऑफिस आहे, तिथं विचारून पाहा. डोक्याला शेला गुंडाळला, खिशात कांदा ठेवला, गडू भरला आणि निघालो. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही. नागपूरचे लोकही कांदा ठेवतात, एवढ्या एका बाबतीत शहर आणि गाव सारखं.

वाटेत तर्री-पोहे खाल्ले. पोह्यावर लाल रस्सा ओततात, त्यात भिजलेले हरभरे. आमच्याकडं पोहे पाहुण्याला देतात. इथं देतात ते पाहुणा उठून जावा म्हणून, असं पहिल्या घासाला वाटतं. दुसऱ्या घासाला माणूस आणखी मागतो. थोडा रस्सा माझ्या धोतरावर सांडला आणि तो डाग घेऊनच मी साहेबापुढं गेलो.

ऑफिसच्या दारांना वाळ्याचे पडदे होते आणि एक माणूस त्यावर बादलीनं पाणी मारत होता. तो नुसत्या दारावर जेवढं पाणी मारतो, तेवढ्यात माझे दोन्ही बैल एक वेळ पाणी प्याले असते. पण आत गेल्यावर इतकं गार वाटलं की मी तो विचार बाहेर ठेवला.

साहेब तरुण होता, पण उठून खुर्ची दिली. "बोला दादाजी."

"उंच जवारीचं बी पाहिजे."

"उंच कशाला? हायब्रीड घ्या. दाणा जास्त निघतो."

"माणूस दाणा खाईन. बैल काय खाईन, तुमच्या भिंतीवरचं चित्र?" भिंतीवर बुटक्या जवारीचं रंगीत चित्र टांगलेलं होतं.

साहेब रागावला नाही. म्हणाला, "तेही खरं आहे. पण गेल्या साली तुमच्या उंच जवारीचं काय झालं?"

मी पडद्याकडं पाहिलं.

"आणि त्याच्या आदल्या साली?"

"तुमी बी माह्या गावचेच दिसता," मी म्हटलं.

तो हसला. मग त्यानं चहा मागवला आणि नीट बोलला. म्हणाला, सगळं वावर एकाच जातीखाली ठेवलं की पावसाचा एकच डाव चुकला तरी सगळं जातं. थोडी बुटकी पेरा, थोडी उंच पेरा. मी विचारलं, उंच पेरायला बी कुठं आहे? तो म्हणाला, "आमच्याकडं नाही. ते आता ज्याच्या घरी असेल त्याच्याच घरी. कोणी ओळखीचं असेल तर मागून घ्या."

एवढं शिकलेल्या माणसानं शेवटी माझ्या बायकोचंच वाक्य म्हटलं. मी चहा संपवून उठलो.

अर्ध्या वाटेत घशाला कोरड पडली आणि समजलं की गडू कुठंतरी राहिला. ऑफिसात असेल, नाहीतर पोह्याच्या दुकानात. परत फिरायचं बळ नव्हतं. ऊन असं, की डांबरात चप्पल रुतत होती. सक्करदऱ्याला पोचलो तेव्हा सरकारी नळ कोरडा. दुपारी त्याला पाणी नसतं, संध्याकाळी येतं.

ओसरीच्या सावलीत टेकलो. दोन हातांवर माठ, ओल्या फडक्यात गुंडाळलेला.

"तोंड सुकलं जी तुमचं," ईनबाई म्हणाली.

"मुळातच तसं हाये."

"पन्हं देऊ? कैरी बाजारची, गूळ बाजारचा."

"त्यात पाणी हाये."

"थोडंसंच हाये. तेवढं गाळून देऊ?"

वच्छलाला राहवलं नाही. "बाबा, प्या नं. कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिलो."

 मी खिशातला कांदा काढला, फोडला आणि चावत बसलो. कांद्यात पाणी असतं, पण ते कोणाच्या घरचं नसतं. ईनबाईनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "डोळ्यातून पाणी येऊन राहिलं तुमच्या. ते तरी वाया जाऊ देऊ नका."

नळाला पाणी आलं तेव्हा माझ्याकडं भांडं नव्हतं. रांगेतल्या बायांनी मला पुढं घेतलं आणि मी ओंजळीनं प्यालो. एक जण दुसरीला म्हणाली, "वच्छलाचे बाबा होय. घरात माठ भरला हाये अन् इथं पाहा." संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं असणार. आमचं गाव काय आणि नागपूर काय.

पुन्हा सक्करदरा

तिसऱ्या दिवशी मी आणखी बाजार हिंडलो नाही असं नाही. जावयाच्या ओळखीनं दोन गोदामं पाहिली, दोन्हीकडं डोळे फुटलेला दाणा. दुपार उतरल्यावर परत आलो. दुसऱ्या सकाळची एस.टी. धरायची असं ठरवलं होतं. रिकाम्या हातानं गावात शिरायचं, पारावरून जायचं, आणि गोठ्यात ते दोघं माझ्या हाताकडं पाहणार. पारावरच्यांना मी तोंड देऊ शकतो. पण बैल बोलत नाही, त्याला काय उत्तर द्यायचं?

ईनबाई सुपात गहू निवडत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"ईनबाई."

"बोला."

"धाकटीच्या पोटात जे हाये," मी म्हटलं आणि थांबलो. दाढ ठणकत होती, त्यामुळं बोलायला त्रास होत होता. "ते मले पाहिजे. बियाले. माह्या घरी एक दाणा उरला नाई."

तिनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली, माठाच्या मागं गेली आणि तिथून एक ओलं फडकं घेऊन आली. त्याची गाठ सोडून माझ्यापुढं धरलं.

आत जवारी होती. दाण्यादाण्याला पांढरे कोंभ फुटलेले. काही दाणे तसेच होते, पण थोडे. वास ओळखीचा होता.

"ज्या रोजी तुमी आले त्याच संध्याकाळी बांधून ठेवली," ती म्हणाली. "उगवते का नाई ते आधी पाहा लागते नं. मी बी शेतकऱ्याचीच लेक होय."

"भादव्याआधी झाकण काढलं?"

"काढलं. पाप लागलं तं मले लागन."

"अन् सांगितलं नाई? दोन रोज मी उन्हात हिंडलो."

"न मागता देल्लं असतं तं तुमी घेतलं असतं काय?"

मी फडक्यातला एक कोंभ फुटलेला दाणा उचलून तळहातावर घेतला.

"दोन सालं कणसं आली नाई," ती हळू आवाजात म्हणाली. "मले समजलं. वच्छलाले म्हटलं, बापाले इचारू नको. गडी मोठ्या तोंडाचा हाये, त्याले लागन."

तोंडाबद्दल ती जे बोलली ते मी सोडून दिलं. पण दुसरी अडचण होती, ती मी सांगितली. "लेकीच्या घरी देल्लेलं फुकट वापस नाई नेत मी."

"फुकट कोण देऊन राहिलं? लक्ष्मीचं हाये ते. बटईनं न्या. वावर तुमचं, बी तिचं. पुढच्या सालच्या भादव्यात तिचा हिस्सा आणून तिच्या पोटात घाला."

बटई म्हणजे दुसऱ्याच्या मालकीवर अर्ध्या वाट्यानं शेती करणं. मी म्हटलं, "मी जनमात कोणाचा बटईदार झालो नाई."

"मंग आता व्हा. मालकीण काही वाईट नाई. वर्षातून एकदाच जेवाले मागते." आणि लगेच पुढं म्हणाली, "अन् सारं वावर उंच पेराचं नाई. अर्धं बुटकं पेरा. पाऊस उठून गेला तं तिचा हिस्सा तुमी काय, पारावरच्या गप्पांतून देणार?"

साहेबानं हेच सांगितलं तेव्हा मी कानाआड केलं होतं. पण साहेब हा साहेब, त्याचं ऐकायची सक्ती नाही. मालकिणीचं बटईदाराला ऐकावं लागतं. मी मान हलवली.

"तवरक तिच्या पोटात काय?" मी विचारलं.

"रेशनची लाल भरतो. बोटीनं आली तरी जवारीच होय. एक साल सोसन ती."

वच्छलानं आणि तिनं मिळून धाकटीच्या पोटातला दाणा स्वच्छ कापडाच्या पिशवीत काढला. राखेचा आणि कडुनिंबाचा वास साऱ्या घरात पसरला. दाणा थंड होता, हात घातला तर मनगटापर्यंत गार वाटलं. मग ईनबाईनं व्यवहार पक्का म्हणून पानावर सुपारी ठेवून पुढं केली. मी घेतली. दाढेमुळं चावता आली नाही, गालात धरून बसलो.

"आमच्या माहेरी एक रीत होती," ती म्हणाली. "बटई ठरली का बटईदार मालकाच्या घरी पाणी पेत होता. नाई पेला तं बटई मोडली."

"मालकीण लक्ष्मी हाये."

"हो. पण राहाते ती माह्याच घरी."

मी सुपारी दुसऱ्या गालात घेतली आणि म्हटलं, पाहू. तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मला तो लग्नाचा मांडव आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर नळ आला. दारासमोर बायांची भांडी वाजत होती, पाणी धो धो वाहत होतं. जावयानं कामावरून येताना सदरला जाऊन गडू शोधून आणला होता, तो घासून उंबऱ्यावर ठेवलेला होता. मी तो उचलला आणि तसाच रिकामा गाठोड्यात बांधला. बियाची पिशवी खांद्याला लावली, कोपऱ्यात धाकटीपुढं हात जोडले. वच्छला माठाजवळ उभी होती, पण तिनं पेला उचलला नव्हता. ईनबाई ओसरीवर आमच्याकडं पाठ करून गहू निवडायला बसली होती, पण तिच्या सुपाचा आवाज थांबला होता.

"वच्छले," मी म्हटलं, "पाणी दे वं पोरी."

तिनं पेला भरून दिला. मी उभ्यानंच प्यालो, आणि रिकामा झाल्यावर पुन्हा पुढं केला.